कोळशाच्या धक्क्याकडे

इमारत वाढते, याचं मिरजेत आता कुणाला नवल राहिलं नव्हतं. ती भलत्याच दिशेला वाढायला लागली आहे हे मात्र सगळ्यात आधी पद्मजा चौगुलेच्या लक्षात आलं, आणि तिनं ते चार दिवस कुणाला सांगितलं नाही.

लक्षात येणं हे तिचं कामच होतं. नव्या वाहतूक केंद्राच्या प्रकल्पावर ती वाढ-अभियंता होती. गावातली टवाळ मंडळी तिला ‘इमारतीची माळीण’ म्हणायची, आणि नेमणूकपत्रावरच्या पदापेक्षा तिला हेच नाव अधिक आवडायचं.

गावाच्या ऐन मध्यावरचं जुनं मीटरगेज यार्ड रूळ रुंद झाल्यापासून बेवारस पडलं होतं. बाभळी, गंजलेले डबे, काजळीनं काळी झालेली माती आणि त्यातून वाट काढत जाणारं सांडपाणी. दोन पिढ्यांनी तिथं कचरा टाकला आणि प्रत्येक निवडणुकीत कुणीतरी भाषणातल्या भाषणात त्याचं नंदनवन केलं. आता मात्र तिथं खरोखर काहीतरी उभं राहिलं होतं. जलद रेल्वे, बस, शहरातल्या छोट्या विजेच्या गाड्या, सगळं एका छपराखाली येणार होतं. आणि ते छप्पर कुणी बांधलेलं नव्हतं. ते उगवलेलं होतं.

त्याचं शास्त्र पद्मजा शाळेतल्या मुलांना सांगायची तेव्हा आधी त्यांना आपल्या नडगीवर हात ठेवायला लावायची. हाड म्हणजे मेलेला दगड नव्हे, ती सांगायची. ज्या बाजूनं ओझं येतं त्या बाजूला हाड जाड होतं, आणि जिथं काहीच भार नाही तिथं ते झिजतं. अंतराळात महिनोन्‌महिने तरंगणाऱ्या माणसांची हाडं म्हणूनच विरळ होतात. या केंद्राचे खांब हीच युक्ती शिकलेले होते. चुन्याचा सच्छिद्र सांगाडा, त्याच्या छिद्रांत राहणारे जिवाणू आणि जोडीला बारीक स्फटिक. भार पडला की स्फटिक दाबले जातात आणि त्यांच्यात अगदी किंचित वीज तयार होते. ती वीज जाणवली की जिवाणू त्या जागी चुन्याचा थर चढवतात. जिथं बराच काळ काहीच दाब येत नाही तिथला थर दुसऱ्या जातीचे जिवाणू विरघळवतात, आणि तो चुना पाण्यातून पुन्हा कामाच्या जागी जातो. सगळ्यांचं खाणं एकच, साखर कारखान्यातली मळी पाण्यात पातळ करून नळ्यांतून सोडलेली. त्यामुळे सबंध यार्डावर कायम गुऱ्हाळासारखा वास असायचा.

असे आठ खांब उसळून वर गेले होते आणि वर त्यांच्या फांद्या एकमेकींत मिसळल्या होत्या. आतली जाळी इतकी नाजूक की सकाळचं ऊन त्यातून गाळून खाली यायचं. कुठलाही नकाशा इतका सुंदर नव्हता. पद्मजा रोज तिथं उभी राहायची आणि रोज तिचा श्वास क्षणभर अडायचा, आणि याची तिला मुळीच लाज वाटत नव्हती.

आणि आता पूर्वेच्या कडेला, जिथं नकाशात नुसती सरळ रेघ होती, तिथून एक जीभ बाहेर आली होती. हातभर लांब, खाली निमुळती. समोर नव्या रुळांसाठी खणलेला खोल खंदक, आणि खंदकापलीकडे जुना कोळशाचा धक्का. वाफेच्या इंजिनांत कोळसा भरण्यासाठी काळ्या पाषाणात बांधलेला तो जाडजूड चौथरा कुणाच्या उपयोगाचा नव्हता म्हणूनच शिल्लक राहिला होता. धक्क्यामागे गँगचाळ. रुळांची निगा राखणाऱ्या गँगमनांची ती वस्ती. पद्मजा तिथंच वाढली होती, आईमागे सुभद्रामावशीनं तिला तिथंच लहानाची मोठी केली होती.

त्या कडेवर भार येतोय कुठून, हे बघायला ती एके दिवशी सूर्य उगवायच्या सुमारास येऊन थांबली. धक्क्यावरून खंदकावर दोन फळ्या टाकलेल्या होत्या. त्यांवरून डोक्यावर भाजी-माळव्याच्या बुट्ट्या घेतलेल्या बायका एकामागून एक येत होत्या आणि केंद्राच्या कडेवर धपकन पाय टाकून अलीकडे उतरत होत्या. पुढं सुभद्रामावशी. तिच्या बुट्टीत मेथी आणि वांगी. कडेवर आल्यावर सगळ्यांनी बुट्ट्या उतरवल्या, दम घेतला आणि एका तांब्यातलं गूळपाणी आळीपाळीनं प्यायलं. शेवटी मावशीनं उरलेलं पाणी त्या वाढलेल्या जिभेवर ओतलं.

“मावशी, हे काय करतीयास?” पद्मजा पुढं होत म्हणाली.

मावशी दचकली नाही. “गूळपाणी दिलं.”

“इमारतीला?”

“तूच म्हणतीस न्हवं, जितं हाय म्हणून? उन्हात उभं असतंय दिवसभर. आमी पिणार आन्‌ त्याला विचारणार न्हाई, असं कसं?”

बाकीच्या बायकांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. उन्हातून आलेल्या माणसाला गूळपाणी विचारायचं, ही चाळीची रीत. आता इमारत जिवंत आहे म्हटल्यावर तिला वगळायचं कशाला, इतका साधा हिशेब. त्यांनी महिनाभर रोज, ठरल्या वेळी, एकाच जागी, डोक्यावरच्या ओझ्यासकट पाय आपटले होते आणि वर गोड खाऊ घातलं होतं. प्रयोगशाळेत पद्मजानं इमारतीला वाट शिकवायला यंत्रांकडून जे करून घेतलं होतं, ते या बायकांनी नकळत तिच्यापेक्षा प्रेमानं केलं होतं. तिला हसू आलं आणि पाठोपाठ काळजी वाटली.

कारण पूर्वेला भिंत येणार होती. तिथली जागा हॉटेल आणि वाहनतळाला दिली होती. गँगचाळीसाठी पादचारी पूल दुसऱ्या टप्प्यात धरला होता, आणि दुसरा टप्पा म्हणजे काय हे मिरजेतलं शेंबडं पोरसुद्धा सांगू शकलं असतं. रूळ सुरू झाले की फळ्या निघणार. मग बाजार, शाळा, दवाखाना, सगळ्यासाठी उड्डाणपुलाचा लांबलचक वळसा. पद्मजा स्वतः गावातल्या बाजूला राहत होती. मावशीची तिची गाठ रोज सकाळी पडायची ती मावशी बाजाराला यायची म्हणून.

पाचव्या दिवशी तिनं कळवलं तेव्हा प्रकल्प संचालक नाईकनवरे साहेब पूर्वेच्या कडेशी आले, वाकले आणि त्या जिभेवर हात फिरवत राहिले. माणूस वाईट नव्हता. आठ खांब उगवून यायला लागले त्या दिवसांत ते घरी जेवायलासुद्धा विसरायचे.

“मॅडम, फवारा मारा,” ते शेवटी म्हणाले. नको ती वाढ सौम्य आम्लाच्या फवाऱ्यानं छाटायची पद्धत होती.

“सर, थोडे दिवस बघू या ना. आपण न शिकवता ती इतकी कुठंच वाढलेली नाही.”

“म्हणूनच म्हणतोय. ती पडेल याची मला भीती नाही. ती उभी राहील याची आहे. आज गँगचाळीनं चालून चालून पूल उगवला, तर उद्या प्रत्येक गल्ली आपल्याला हवी तिकडं इमारत वळवणार. मग आपण इथं नकाशे कशाला काढतोय?”

पद्मजानं फवाऱ्याची टाकी भरून ठेवली आणि आज मारू, उद्या मारू करत राहिली.

तोवर जीभ वाढत होती. खालून तिला दोन फासळ्या फुटल्या, कमानीसारख्या वाकलेल्या, आणि त्यांच्यावर चालायचा पट्टा. एकदा पद्मजा फळ्यांवरून पलीकडे गेली आणि कोळशाच्या धक्क्यावरही तिला तोच राखाडी थर दिसला. मावशीनं मागं कधीतरी छाटणीतला एक तुकडा पदरात बांधून नेला होता. तो धक्क्याच्या फटीत ठेवून त्यालाही ती गूळपाणी घालत होती.

“एकट्यानं किती हात पुढं करायचा त्यानं,” मावशी म्हणाली. “आपणबी करावा की थोडा.”

दोन्ही टोकं जुळली तेव्हा भर दुपार होती आणि अख्खी चाळ धक्क्यावर जमली होती. टोकांमध्ये बोटभर फट उरली होती. कामावरची माणसं अलीकडे, चाळ पलीकडे. दोन्हीकडच्या कडा ओलसर होत्या आणि नीट पाहिलं तर त्यांवर पांढरे कण चढताना दिसत होते. मग फट राहिली नाही. खालच्या फासळ्यांतून एक हलकी थरथर निघाली, खांबातून वर गेली आणि सबंध छप्पर क्षणभर गुणगुणलं. माणसानं विटेवर वीट रचायला सुरुवात केल्यापासून कुठल्याच इमारतीनं असं केलं नसेल, असं पद्मजाला वाटलं, आणि तिचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी फळ्या निघाल्या. बायका, शाळेची मुलं, दवाखान्याला निघालेले म्हातारे, सगळे पुलावरून यायला लागले. आणि पद्मजाची झोप उडाली. खंदकात रूळ अंथरून झाले होते. या पुलाचं गणित कुणीच मांडलेलं नव्हतं. कोणता भार कुठून कुठं जातोय, आतली जाळी किती दाट आहे, कशाचाच पत्ता नव्हता. रोज सकाळी मावशी बुट्टी घेऊन मधोमध आली की पद्मजा हातातलं काम टाकून ती अलीकडे पोचेपर्यंत बघत राहायची.

नाईकनवरे साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. “फवारा नका मारू,” ते म्हणाले. “मलासुद्धा ते बघवणार नाही. नुसतं दोन्हीकडं कुंपण घाला. कुणी चालायचं नाही. भार नाही म्हटल्यावर महिन्या-दोन महिन्यांत तो आपोआप विरघळेल. शास्त्र तुमचंच आहे. की तुम्ही लिहून देता, तो सुरक्षित आहे म्हणून?”

पद्मजानं त्या रात्री जमतील तितकी गणितं केली आणि सकाळी कुंपणाच्या आदेशावर सही केली. तिला खात्री देता येत नव्हती, आणि खात्री नसताना मावशीला त्या पुलावर चालू देणं तिच्या जिवावर आलं होतं.

हे तिनं मावशीला घरी जाऊन सांगितलं. मावशी लसूण सोलत बसली होती.

“आमच्या फळ्या होत्या, त्या गेल्या,” मावशी म्हणाली. “पूल आला म्हणून आमीच काढल्या. आता पूलबी न्हाई.”

“पडला असता तर, मावशी? तू मधोमध असताना?”

“तुला तसं वाटलं, तू सही केलीस. बरोबर हाय तुझं.” तिनं लसणाची वाटी बाजूला सारली. “पर गूळपाणी घातलेल्याला उपाशी मारायचं, हे काय मला जमायचं न्हाई बग. तू जा आता. लांबचा वळसा हाय, अंधार पडंल.”

त्यानंतर मावशी काही दिवस उड्डाणपुलाच्या वळशानं बाजाराला आली. मग तिचे गुडघे सुजले आणि ती यायची बंद झाली. पद्मजा फोन करायची. मावशी दोन वाक्यं बोलायची, दोन्ही हवामानाबद्दल. एकदा तिनं सहज सांगितलं की इचलकरंजीचा पुतण्या कायमचं राहायला ये म्हणतोय. पद्मजानं फोन ठेवला. ज्या माणसाला वाचवायला आपण सही केली तेच माणूस आपल्या हातातून चाललंय, हे तिला लख्ख कळलं.

पूल विरघळतोय का, हे मोजायचं कामही तिचंच होतं. सुरुवातीला चालायचा पट्टा ठरल्याप्रमाणं पातळ झाला. खालच्या फासळ्या मात्र तशाच होत्या. पुढच्या खेपेला त्या जाड झालेल्या निघाल्या. तिनं यंत्र बदलून पुन्हा मोजलं. आकडा तोच.

कुणीतरी चोरून चालतंय, असं तिला वाटलं. तिनं कॅमेऱ्याची चित्रं पाहिली. कुंपणापलीकडे एक मांजर सोडलं तर कुणी गेलं नव्हतं. मग हा भार कुणाचा? इमारतीच्या अंगभर पेरलेल्या संवेदकांचे आकडे एकत्र करून तिनं सबंध केंद्राचं चित्र पडद्यावर उभं केलं, जिथं जास्त ताण तिथं तांबडा रंग. चित्र पूर्ण झालं आणि ती खुर्चीतून उठून उभी राहिली.

पूर्वेचा आठवा खांब फिका पडला होता. त्याच्या आतला चुना हळूहळू निघून चालला होता. आणि छपराच्या पूर्वेकडच्या सगळ्या फांद्यांमधून एक तांबडा ओघ वाहत होता. तो खांबाकडे न वळता कडेकडे येत होता, पुलाच्या फासळ्यांत शिरत होता, खंदक ओलांडत होता आणि पलीकडे कोळशाच्या धक्क्यात उतरत होता.

तिला ते समजायला थोडा वेळ लागला, पण एकदा समजल्यावर ते इतकं सरळ होतं. आठवा खांब यार्डाच्या भरावाच्या भुसभुशीत मातीवर उभा होता. कोळशाचा धक्का खालच्या खडकापर्यंत गेलेल्या पाषाणाचा होता. खंदकातून आता चाचणीच्या गाड्या धावत होत्या. गाडी धडधडत आली की छप्पर हलायचं आणि भार जिथं घट्ट आधार मिळेल तिकडं जायचा. जिथून भार जाईल तिथं जिवाणू थर चढवत होते, थर चढला की ती वाट आणखी घट्ट होत होती. दोन टोकं जुळेपर्यंत इमारतीला धक्का माहीत नव्हता. जुळल्यावर तो तिला सापडला, आणि सगळ्या यार्डात इतकी भक्कम जागा दुसरी नाही हे तिनं ओळखलं. कुणी चालो वा न चालो, ती आता त्या पुलाच्या फासळ्यांवर रेलून उभी होती.

पद्मजा बाहेर आली, पुलाखाली खंदकात उतरली आणि वर बघत राहिली. एवढा मोठा डोलारा, त्याला डोळे नाहीत, मेंदू नाही, आणि तरी त्यानं चाचपडत चाचपडत आपला आधार शोधून काढला होता. तिला एकाच वेळी फार लहान आणि फार सुखी वाटलं.

नाईकनवरे साहेबांनी ते चित्र तीन वेळा फिरवून पाहिलं.

“म्हणजे आता हा पूल काढायचा म्हटलं तर?”

“आधी छप्पर उतरवावं लागेल, सर.”

“आणि आहे तसा ठेवला तर?”

“तर कुंपण काढावं लागेल. छपराचं ओझं दोन फासळ्या वाहतायत. त्यांना एकमेकींशी बांधून धरणारा मधला पट्टा मात्र माणसांच्या चालण्यावरच जगतो. तो आधीच पातळ झालाय. पार झिजला तर फासळ्या बाहेर कलतील.” तिनं सोबत आणलेला कागद पुढं ठेवला. “या वेळी गणित पुरं मांडलंय. आता आहे तो पट्टा माणसं पेलेल, आणि माणसं चालली की तो भरत जाईल. सुरक्षित आहे असं मी लिहून देते.”

साहेब उठून खिडकीपाशी गेले. खाली पूल दिसत होता, राखाडी, अंगाला किंचित पीळ दिल्यासारखा.

“झाला म्हणायचा दुसरा टप्पा,” ते म्हणाले आणि स्वतःशीच हसले. “काढा कुंपण. भिंतीचं मी बघतो.”

कुंपण काढून होईपर्यंत दुपार उलटली. पुलावरून पहिलं पाऊल पद्मजानं टाकलं. पायाखालून चाचणीची गाडी गेली तशी थरथर तिच्या टाचांतून वर आली. ती न थांबता पलीकडे पोचली, धक्का उतरली आणि चाळीत शिरली.

मावशी पायरीवर गुडघ्यांना तेल चोळत बसली होती. पद्मजा तिच्याशेजारी टेकली आणि तिनं सगळं सांगितलं, खांब, धक्का, फासळ्या, मधला पट्टा.

“आता काढणार न्हाईत न्हवं?” सांगून झाल्यावर मावशीनं विचारलं.

“काढता येतच नाही. ती आता आपल्या धक्क्यावर उभी आहे.”

“आन्‌ आमी चाललो न्हाई तर?”

“तर तिला कठीण जाईल. रोज चालायला लागेल, मावशी. सगळ्यांनी.”

मावशीनं धक्क्याकडे पाहिलं. त्याच्यामागे छपराच्या फांद्या आभाळात वर गेल्या होत्या आणि उन्हात त्यांची जाळी सोन्यासारखी दिसत होती. इतक्या मोठ्या गोष्टीला आपली गरज असावी, हे तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटत गेलं. पद्मजाचा हात तिनं आपल्या तेलकट हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

“पुतण्याला सांगायला पायजे,” ती शेवटी म्हणाली. “मी यायची न्हाई म्हणून. काम लागलंय म्हणावं.”

मग ती भिंतीला धरून उठली, पदर खोचला आणि शेजारच्या दारावर थाप मारून म्हणाली, “आगं ऐकलंस का, उद्यापासनं कुणी घरात बसायचं न्हाई.”